भोंगामामांचा राहिलेला शेक

मामांना सगळं गाव 'भोंगा' म्हणायचं आणि मामांना त्याचा कधी राग आला नाही. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कोणाची पिशवी बाकड्यावर राहिली, सगळं त्यांच्याच तोंडून लोकांना कळायचं. माईक बिघडला की ते खिडकीतून डोकं बाहेर काढून तशीच घोषणा ठोकायचे, आणि पार टोकाच्या फलाटावर डुलक्या घेणारा माणूस दचकून चप्पल शोधायला लागायचा.

त्यांची भाची लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढली. आई गेली तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. मामींनी तिची वेणी घातली, मामांनी तिला अक्षरओळख करून दिली, तीही गाड्यांच्या पाट्यांवरून. मामा तिला 'ठके' म्हणायचे. ही ठकी पुढे शिकली आणि इस्पितळाच्या तळघरात कर्करोगाच्या रोग्यांना किरणांचा उपचार देणाऱ्या मशीनवर नोकरीला लागली. त्या उपचाराला रोगी साधं 'शेक' म्हणायचे, म्हणून तिला सगळे 'शेकवाल्या ताई' म्हणू लागले. मामी गेल्यावर तिने मामांना आपल्या घरी आणलं. नवरा टायरच्या दुकानात कामाला, एक मुलगी, दोन खोल्या, त्यात मामा. "मी माझा कोपरा घेऊन आलोय, तुमचा कशाला घेऊ?" असं म्हणून त्यांनी खिडकीजवळ खाट टाकली ती कायमची.

मग मामांचा आवाज बसला. आधी सर्दी झाली असेल म्हणून गुळण्या झाल्या, काढा झाला. आवाज काही उठेना. "निवृत्त झालोय ना, आवाजालाही पेन्शनीत बसायचं असेल," असं ते घोगऱ्या आवाजात म्हणायचे. पण ठकीला ते पटेना. रोज असे आवाज ती कामावर ऐकत होती. ती त्यांना ओढतच तपासायला घेऊन गेली आणि तिला जे वाटत होतं तेच निघालं. गाठ स्वरयंत्रावर होती.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लवकर आलात. शेकाने बरं होण्यासारखं आहे. आवाजही वाचेल. फक्त एकदा सुरू केलं की खंड पडू द्यायचा नाही. सुट्टीचा वार सोडून रोज यायचं."

मामांनी एकच अट घातली. "शेक ठकीने द्यायचा. दुसऱ्या कोणाच्या हातचा नको."

त्याप्रमाणे झालं. डोकं आणि खांदे जागच्या जागी राहावेत म्हणून जाळीदार मास्क बनवतात. गरम पाण्यात मऊ झालेली ती जाळी तिनेच त्यांच्या चेहऱ्यावर पसरली आणि ती घट्ट होईपर्यंत त्यांचा हात धरून उभी राहिली. शेकाचं गणित करणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे 'गणितवाल्या मॅडम' म्हणायचे, मामांचा प्लॅन बसवला. किरण कुठल्या कोनातून जायचे, किती वेळ, कुठे थांबायचं, शेजारचा मणका कसा वाचवायचा, सगळं त्या प्लॅनमध्ये. तो प्लॅन वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरमध्ये राहायचा. रोज सकाळी ती पडद्यावर मामांचं नाव काढायची, मशीन तो प्लॅन ओढून घ्यायचं आणि मगच हलायचं. प्लॅनशिवाय ते अवजड धूड जागचं हलत नसे.

काही आठवडे असेच गेले. मामांच्या गळ्याची कातडी लाल झाली, गिळताना त्रास व्हायला लागला, पण बाकावरच्या बाकीच्या रोग्यांशी त्यांची चांगली गट्टी जमली. त्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक गवंडी होता, एक फुलांचं दुकान चालवणारी बाई होती. मामा कुजबुजत प्रत्येकाची घोषणा करायचे, "गवंडीबुवांची गाडी आत लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया पादत्राणे काढावीत." आतून तिला हसू यायचं.

एका सकाळी ती कामावर आली तर दारातच गोंधळ. नोंदणीच्या खिडकीपुढे रांग फुटपाथपर्यंत गेलेली. कॉम्प्युटर सांभाळणारे सर, कायम इस्त्रीच्या शर्टात असणारे, त्या दिवशी बाह्या वर करून दालनादालनातून पळत होते. "काही चालू करू नका! चालू असेल तर बंद करू नका, नुसती वायर काढा! ती निळी वायर, भिंतीतली! काढा म्हणतो ना!"

तिने तळघरात जाऊन पाहिलं. मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता. खोली नेहमीसारखी थंड. शेजारच्या पडद्यावर मात्र रोग्यांच्या नावांऐवजी काळ्या पाटीवर चार ओळी होत्या. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली हवी असेल तर आमच्याशी बोला. पोलिसांकडे जाल तर फायली विसरा. भाषा इतकी सभ्य होती की बँकेचं पत्र वाचतोय असं वाटावं.

बाहेर बाकावर मामा सगळ्यांत आधी येऊन बसले होते.

"आज थोडा वेळ लागेल," ती म्हणाली.

वरून निरोप आला होता, रोग्यांना फक्त 'तांत्रिक अडचण' एवढंच सांगायचं. तिने तेच सांगितलं. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या घोगऱ्या गळ्यातून हसू फुटलं. "ठके, हे वाक्य मी जन्मभर बोललोय. ड्रायव्हर सापडेना की आम्ही हेच म्हणायचो. खरं काय झालंय?"

"खरंच माहीत नाही, मामा."

आणि तिला खरंच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत कळलं ते एवढंच, की कोण कुठली माणसं, बहुधा दुसऱ्या देशातली, कित्येक दिवस इस्पितळाच्या कॉम्प्युटरांमध्ये गुपचूप फिरत होती. कुठे काय आहे ते त्यांनी बघून ठेवलं आणि मग एका झटक्यात सगळ्याला कुलूप घातलं. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, शस्त्रक्रियांच्या वेळा, आणि शेकाचे प्लॅन.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा टोपी घालून आले. तिसऱ्या दिवशीही आले. गवंडीबुवा कामावर खाडा करून यायचे आणि परत जायचे. शिक्षिकाबाईंनी एकदा शांतपणे विचारलं, "ताई, शेक चुकला तर आतली गाठ वाट बघत बसते का हो?" तिने काहीतरी पुटपुटून मान फिरवली. गाठ वाट बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खंड पडला की ती पुन्हा अंग धरते. गळ्याची तर फारच लवकर.

ती गणितवाल्या मॅडमच्या मागे लागली. "मॅडम, पूर्वी नाही का हाताने हिशेब करून दोन बाजूंनी साधा शेक द्यायचे? तसा देऊ. निदान चालू तरी राहील."

मॅडम टेबलावर कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे कागद होते, त्यांनी तो हिशेब करून पाहिलेलाच होता. "हिशेब मी करीन गं. पण तो आकडा ज्या कॉम्प्युटरात घालायचा, त्याच्या आत कोण बसून गेलंय मला काय माहीत? मी एक सांगेन आणि ते दहापट सोडेल. पडद्यावर मात्र एकच दिसेल. माणसाच्या गळ्यावर असा प्रयोग करू? कंपनीची माणसं येऊन मशीन तपासून देईपर्यंत मी हात लावणार नाही, तुलाही लावू देणार नाही."

मशीन डोळ्यांसमोर, मास्क खुंटीवर, मामा बाकावर, आणि करता येण्यासारखं काहीच नाही. ती दिवसभर खोली पुसायची, चादरी बदलायची, पुन्हा त्याच चादरी बदलायची.

डॉक्टर मॅडमनी शेजारच्या शहरातल्या इस्पितळाला फोन लावले. तिथे आधीच रांग होती. तरी त्यांनी दोघांना घेतलं, लहान मुलांना आधी, ते बरोबरच होतं. आणि वर बजावलं, "तुमच्याकडची फाईल, सीडी, पेन ड्राइव्ह, मेल काही पाठवू नका. नुसता रोगी पाठवा." जणू इस्पितळालाच साथीचा रोग झाला होता.

मनात आणखी एक काटा तिला टोचत होता. काही महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवाल्या सरांनी सगळ्यांची परीक्षा घ्यायला एक खोटी मेल पाठवली होती, 'तुमची रजा मंजूर झाली आहे, येथे पाहा.' तिने ती उघडली होती. रजा मागितलेली नसताना! ज्यांनी उघडली त्यांना एका दुपारी बसवून पुन्हा शिकवलं होतं. अनोळखी मेल उघडू नका, पासवर्ड कोणाला सांगू नका, कुठेही चिकटवून ठेवू नका. आता कँटीनमध्ये ती दिसली की बोलणं थांबायचं. बाहेरून आलेल्या तपासनीसाने तिला दोनदा बोलावलं. माणूस नम्र होता, पण एकच प्रश्न पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायचा. घरची पेन ड्राइव्ह लावली होती का? मामांचे रिपोर्ट घरी न्यायला काही कॉपी केलं होतं का? फोन चार्जिंगला कॉम्प्युटरला जोडला होता का?

"नाही," ती म्हणायची, आणि बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून आठवत बसायची. नक्की नाही?

गंमत म्हणजे ती एकटी नव्हती. औषधांच्या दुकानातला माणूस तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कोणाला सांगू नका, मी कामावर क्रिकेट बघितलं होतं. त्यातूनच शिरलं असणार." नोंदणीच्या खिडकीवरची बाई रडतच म्हणाली की तिचा पासवर्ड म्हणजे तिच्या नातवाचं नाव आहे. मुख्य परिचारिकेला खात्री होती की तिने डाउनलोड केलेल्या पाककृतीनेच घात केला. जो तो आपापल्या मनाशी गुन्हेगार झाला होता.

मामांना तिने हे जेवताना सांगितलं. मामांची पेज गार होत होती, गिळायला वेळ लागायचा.

"तू केलं असतंस तर मला कधीच कळलं असतं," ते म्हणाले. "लहानपणी दूध सांडलं की तू स्वतःच कान धरून कोपऱ्यात उभी राहायचीस. मी घरी येईपर्यंत. मामी ओरडायची सुद्धा नाही, तरी."

"पण मामा, तुझा शेक..."

"माझ्या शेकाचं मी बघतो. तू जेव."

ते काय बघणार होते? पण तिने जेवायला घेतलं.

नंतर एक दिवस तळघरात हसण्याचा आवाज ऐकू आला. कॉम्प्युटरवाले सर खाली आले होते, दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चेहऱ्यावर उजेड. इस्पितळाने फायलींच्या दोन नकला ठेवल्या होत्या. एक रोजची, ती सर्व्हरलाच जोडलेली होती, तिलाही कुलूप लागलं. दुसरी मात्र महिन्यातून एकदा काढून, वायर सोडवून, कपाटात ठेवलेली. ती शाबूत होती. कंपनीच्या माणसांनी मशीन पुसून, नव्याने बसवून, तपासून दिलं होतं. उद्यापासून शेक सुरू!

तिने तिथल्या तिथे खुर्चीत बसकण मारली. मग विचारलं, "कपाटातली नक्कल कधीची?"

सरांनी तारीख सांगितली आणि सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज खाली गेला. मामांचा प्लॅन त्या तारखेनंतरचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडीबुवा आत गेले. मग शिक्षिकाबाई. मग फुलांच्या दुकानवाल्या. प्रत्येकाचं नाव पडद्यावर येत होतं, मशीन हलत होतं, तो ओळखीचा घुंघुं आवाज भिंतीपलीकडून येत होता. ती एकेकाला झोपवत होती, मास्क लावत होती, दार बंद करून बाहेर येत होती, आणि बाहेर आली की बाकावर मामा. त्यांना घरी थांब म्हटलं तर ऐकलं नव्हतं. "रांगेत असलेलं बरं," म्हणाले होते. गवंडीबुवा बाहेर येऊन मामांसमोर ओशाळे उभे राहिले. "मामा, मी आता... म्हणजे झालं माझं."

"अरे मग जा की," मामा म्हणाले. आवाज आता जवळजवळ निघतच नव्हता. "गाडी लागली की चढायचं. मागच्याकडे बघत नाही बसायचं."

मामांचं सगळं नव्याने करावं लागणार होतं. नवं स्कॅन, नवा प्लॅन, आणि बारीक झाल्यामुळे नवा मास्कसुद्धा. नव्यांची रांग लागलेली, गणितवाल्या मॅडम एकट्या. त्यात आणखी एक अडचण निघाली. आधी किती शेक झाले, त्याची नोंदही कुलपात गेली होती. तिने मनातल्या मनात मोजून आकडा सांगितला. मामांनी एक जास्त सांगितला. मधे एके दिवशी वीज गेली होती, तो शेक पुरा झाला की अर्धवट, यावर दोघांचं एकमत होईना. तिला स्वतःचीच खात्री वाटेना. एवढी माणसं रोज हाताखालून जातात, तिने तो दिवस डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आणि तिला फक्त मामांचे पांढरे मोजे आठवले.

"तो शेक झालाच असं धरू," मॅडम अखेर म्हणाल्या. "जास्त देऊन मणक्याला धक्का लागला तर तो भरून निघत नाही."

मामांचा शेक पुन्हा सुरू झाला आणि कसाबसा पुरा झाला. शेवटच्या दिवशी नवरा मुलीला घेऊन आला होता. सगळे पायीच घरी गेले, वाटेत मामांना दोनदा बसावं लागलं.

तपासाचा निकाल बऱ्याच दिवसांनी लागला. तिला तो कॉम्प्युटरवाल्या सरांनीच सांगितला, जिन्यात गाठून. चोर मेलमधून आलेच नव्हते. क्रिकेटमधून नाही, नातवाच्या नावातून नाही, पाककृतीतून नाही. इस्पितळातली एअर कंडिशनर यंत्रणा सांभाळणारं एक बाहेरचं दुकान होतं, त्यांना घरबसल्या बिघाड बघता यावा म्हणून इस्पितळाच्या कॉम्प्युटरांत शिरायची एक वेगळी वाट दिलेली होती. त्या दुकानातल्या कोणाचा तरी पासवर्ड दुसरीकडेच कुठेतरी चोरीला गेला होता. कोणाचा, तेही आता कळायला मार्ग नव्हता. ते दुकान आधीच बंद पडलं होतं.

"तुमचा काही संबंध नव्हता, ताई," सर म्हणाले. "मी इथे प्रत्येकाच्या टेबलाखाली जाऊन वायरी तपासल्या. सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले, शिव्या खाल्ल्या. ती वाट माझ्या आधीच्या माणसाने दिलेली, मला ठाऊकच नव्हती." मग म्हणाले, "मामा बाकावर बसायचे ना, त्या दिवसांत मी मागच्या जिन्याने जायचो. त्यांच्यासमोरून जायची छाती व्हायची नाही."

तिला वाटलं होतं, आपण निर्दोष ठरलो की मोठं ओझं उतरेल. पण रागवायला समोर कोणी माणूसच उरला नाही, एवढंच झालं. सर पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून गेले.

मामांचा आवाज थोडा सुधारला. फोनवर ओळखू येण्याइतका. मग पुन्हा बसला. पुन्हा तपासणी, पुन्हा तोच बाक, आणि या वेळी डॉक्टर मॅडमनी खुर्ची जवळ ओढून घेतली, तेव्हाच तिला कळलं. गाठ परत आली होती. आता शेक देता येणार नव्हता, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

मामा कपडे घालायला पडद्याआड गेले तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, तो खंड पडला नसता तर?"

मॅडमनी फाईल मिटून बाजूला ठेवली. "खंड पडायला नको होता, हे खरं. पण खंड न पडता परत आलेल्याही गाठी मी बघितल्यात. त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. त्याच्यामुळे नाही झालं, असंही म्हणू शकत नाही."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मामा घरात फार बोलले. पाणी पीत, थांबत, खाकरत. नातीला गोष्ट सांगितली, जावयाला टायरच्या धंद्यावर सल्ले दिले, मामींच्या स्वभावाची नक्कल केली. रात्री झोपताना ठकीला म्हणाले, "दिवा मालव." एवढं बोलून कुशीवर वळले.

मामा आता गळ्याला रुमाल बांधून खिडकीजवळ बसतात. खुणांनी सांगतात, किंवा पाटीवर लिहितात. अक्षर अजून पाट्या रंगवणाऱ्यासारखं ठसठशीत आहे. चिडले की पाटीवर दोन रेघा मारतात. जिवंत आहेत, जेवतात, नातीशी पत्ते खेळतात आणि चोरी करतात. ती रोज कामावरून आली की त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसते.

इस्पितळात आता पुष्कळ बदल झालेत. प्रत्येक वेळी फोनवर आलेला आकडा घातल्याशिवाय कॉम्प्युटर उघडत नाही. शेकाच्या मशीनचं नेटवर्कच वेगळं केलं आहे, बाहेरच्या दुकानांच्या वाटा बंद आहेत. फायलींची नक्कल रोज निघते आणि ती दुसऱ्या इमारतीत जाते, आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडते का तेही बघतात. वर्षातून एकदा सगळ्यांना सभागृहात बसवून शिकवणी होते.

यंदाच्या शिकवणीला बाहेरून एक तरुण तज्ज्ञ आले होते. बोलायला छान. पडद्यावर त्यांनी ठिकठिकाणच्या हल्ल्यांची उदाहरणं दाखवली आणि त्यात एक याच इस्पितळाचं होतं. खाली छोट्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सेवा काही काळ विस्कळीत. रुग्णांना इजा झाल्याचा पुरावा नाही.'

"काही शंका?" त्यांनी विचारलं.

ती उभी राहिली. शेजारच्या परिचारिकेने तिच्याकडे पाहिलं.

"पुरावा नाही म्हणजे इजा झाली नाही, असं धरायचं का?" तिने विचारलं.

तज्ज्ञ थोडे गोंधळले. मग नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे जे नोंदलं गेलं तेवढंच आम्ही सांगू शकतो."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढचं चित्र आलं, त्यात चांगला पासवर्ड कसा असावा ते होतं. ते अर्ध्यावर असतानाच तिला तळघरातून बोलावणं आलं. नवा रोगी आला होता, पहिलाच दिवस, फार घाबरलेला. ती मागच्या दाराने बाहेर पडली, खाली जाऊन हात धुतले आणि मास्कची जाळी गरम पाण्यात टाकली.